तब्येतीची आणेवारी

आमच्या वॉर्डात तब्येत आण्यांत मोजली जायची. ताप थर्मामीटरवर, नाडी घड्याळावर, रक्तदाब पाऱ्यावर आणि तब्येत आण्यांत. राऊत डॉक्टर सकाळी राऊंडला खाटेशी यायचे, तक्त्याला हात लावायच्या आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "काय, आज तब्येत किती आणे?" पेशंट सांगायचा, दहा, बारा, सहा. मग ते तक्ता उचलायचे. आधी तक्ता आणि मग माणूस असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नाही.

मी या वॉर्डाची सिस्टर. वसईत एवढं सांगून भागत नाही, कारण इथे सिस्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी कॉन्व्हेंटातल्या सिस्टर येतात. माझ्या गळ्यात मंगळसूत्र दिसत असूनही एका म्हातारीने मला "तू कुठल्या मठातली गं?" म्हणून विचारलं होतं. मी कराडकडची. लग्न होऊन आचोळ्याला आले, वसईतल्या हॉस्पिटलात लागले आणि नव्वदीचं सगळं दशक व त्याच्या पुढची काही वर्षं पुरुषांच्या आणि बायकांच्या मेडिकल वॉर्डात काढली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथली माणसं हा लेख वाचतील आणि नाव नसलं तरी ओळखतील.

निवृत्त नर्सला लोक दोनच गोष्टी विचारतात, शवागारात भीती वाटायची का आणि डॉक्टर ओरडायचे का. दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. मला विचारायचंच असेल तर त्या आण्यांबद्दल विचारावं असं मला नेहमी वाटे. कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःच लिहिते आहे.

राऊत डॉक्टर इथल्याच किनाऱ्याकडच्या वाडीवाल्या घरातले. केळी, पानवेली, थोडी भातशेती. त्यांचे आजोबा गावच्या आणेवारीला पंच म्हणून बसायचे. उभ्या पिकाकडे बघून यंदा सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आलं हे ठरवायचं, आणि फारच कमी ठरलं तर सरकार सारा माफ करायचं. डॉक्टर सांगायचे, "आजोबा शेत बघायचे, पण त्याआधी शेतकऱ्याला विचारायचे, तुझ्या मते किती. तो कमीच सांगणार हे माहीत असायचं. तरी विचारायचे. कारण दरवर्षी सहा सांगणारा यंदा दोन म्हणाला, तर नक्की काहीतरी झालेलं असतं." हीच रीत त्यांनी वॉर्डात आणली. तरुण पेशंटला आणे म्हणजे काय ते समजावून द्यावं लागे. पण सोळा आणे म्हणजे पुरं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ज्या आजाराबद्दल लिहायचं आहे तो सांगते. हृदयाला आतून झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम, पण ते जन्मभर. लहानपणी घसा बिघडून सांध्यांचा ताप आला तर सांधे सुजतात आणि बरेही होतात. झडपा मात्र कधी कधी खरबरीत होऊन राहतात, आणि ज्याच्या त्या असतात त्याला पत्ताही नसतो. पुढे वर्षानुवर्षांनी दात काढला किंवा गळू झालं, की रक्तात शिरलेले जंतू नेमके त्या खरबरीत जागी जाऊन बसतात आणि तिथे घर करतात. वसईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याला सांगायला नको, गंज धरतो तो बिजागरीपासून. झडप कुरतडली जाते. तिच्यावर जंतूंचा गोळा वाढतो, त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर माणूस बोलता बोलता लुळा पडतो.

ताप मात्र बारीक येतो. त्या काळी आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया. गल्लीतला डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या द्यायचा आणि त्याचं चुकत नव्हतं, बहुतेकांना मलेरियाच असायचा. उरलेले अंगावर काढून काढून आमच्याकडे यायचे, तोवर अर्धे झालेले असायचे. मग दिवसरात्र शिरेतून इंजेक्शनं, आणि ती चार ते सहा आठवडे. एवढ्या दिवसांत हाताच्या शिरा संपतात. म्हणून मी याला सिस्टरांचा आजार म्हणायची. डॉक्टर दिवसातून दोनदा येणार. सुई, स्पंज, वेणी, जेवण, रडणं, रुसणं हे सगळं आमच्याकडे.

आणि या आजारात एक फसवेपणा आहे. औषध लागू पडलं की ताप उतरतो, तक्ता सपाट दिसतो, घरचे पेढे आणायच्या गोष्टी करतात, आणि आत झडप फाटत चाललेली असू शकते. यंत्रं तेव्हा आजच्यासारखी हाताशी नव्हती. सोनोग्राफीसारखं हृदयाचं चित्र काढणारं यंत्र घेऊन एक डॉक्टर मुंबईहून ठरावीक वारी वसईत यायचे, तिथे पेशंटला न्यायचं. मधले दिवस आम्ही कान, बोटं आणि आणे यांवर काढायचे.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या दोन खाटांवर एका हंगामात याच आजाराचे दोन पेशंट होते. एक इनासबाबा, किनाऱ्याकडच्या गावातले ख्रिस्ती शेतकरी, वांगी आणि भात पिकवणारे. दुसरे पेडणेकर, आचोळ्याचे, फोर्टात विमा कचेरीत नोकरीला, आमच्याच सोसायटीच्या मागच्या इमारतीत राहणारे.

इनासबाबा पहिल्या दिवसापासून चार आणे सांगायचे. ताप होता तेव्हा चार, ताप गेला तेव्हा चार, शेजारच्याची बिर्याणी चाखून बघितली त्या दिवशीही चारच. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, पुढे सरका की जरा." ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, जास्त सांगितला आणि उद्या पानी फिरला, तर कोनाला दाखवायचं?" बरे होऊन निघाले त्या दिवशी दरवाजापर्यंत चालत गेले, मागे वळले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "जा, पाच." डॉक्टर तेव्हा कितीतरी वेळ हसत होते.

पेडणेकर नेमके उलटे. डॉक्टर खाटेशी पोचायच्या आत त्यांचा आवाज यायचा, "सोळा आणे, डॉक्टर. सुट्टी कधी?" मुलीचं लग्न ठरलेलं, बिनपगारी रजा सुरू झालेली. बायको सकाळीच डबा घेऊन येई ती संध्याकाळी जाई. ती बिचारी रात्री उशिरापर्यंत जागून टँकरचं पाणी भरायची, सकाळी सगळ्यांचं करून वॉर्डात यायची आणि नवऱ्याच्या पायाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो सोळा म्हणाला की तिच्या चेहऱ्यावर थोडं रक्त यायचं. ते मी रोज बघायची. तेही रोज बघत असणार.

त्यांचा ताप उतरला. रक्ताचे रिपोर्ट सुधारले. एके सकाळी चहाचा कप हातात असताना कप सांडला, तोंड वाकडं झालं आणि जीभ थांबली. तुकडा मेंदूत गेला होता. मुंबईला हलवलं, पण गाडी मुंबईत पोचायच्या आधीच संपलं.

दुसऱ्या दिवशी मी इनासबाबांचा पलंग आवरत होते. ते म्हणाले, "तो मला सहा सांगायचा."

"कोण?"

"पेडनेकर. बायको खाली डबा धुवायला गेली की सांगायचा. म्हनायचा, बाबा, आत काहीतरी सैल झालंय. सोळा म्हनतो ते हिच्यासाठी. शेवटी शेवटी तीनवर आला होता."

"मग मला सांगायचं होतंत ना, बाबा."

म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच काहीतरी भलतं बोलले होते. "फादरकडचं कुमसार कोनी बाहेर सांगतं का? मानूस विश्वासानं बोलला होता." कुमसार म्हणजे त्यांच्याकडे पाद्रीबाबांपुढे पापं सांगतात ते. वडिलांनी, आजोबांनी शिकवलेली गोष्ट होती, आणि ती त्यांनी पाळली. त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार नव्हता. तरी मी रागावले, आणि दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते मग म्हणाले, "आधी कळलं असतं तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. तेव्हा ऑपरेशनला न्यायचं म्हणजे तेही जुगारच. पण आपण विचारत होतो ते एकट्या त्यांना नव्हे, त्यांच्या बायकोच्या देखत त्यांना. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, सिस्टर."

त्या दिवसापासून मी दोनदा विचारायला लागले. एकदा राऊंडला सगळ्यांसमोर, आणि एकदा पडद्याआड. पडदा म्हणजे आमच्याकडचा चाकांचा, हिरव्या कापडाचा, स्पंज करताना खाटेभोवती लावायचा. पाठ पुसताना माणूस तुमच्याकडे बघत नसतो आणि तुम्ही त्याच्याकडे. तेव्हा हळूच विचारायचं, "आणि आता किती?" दोन आकड्यांत फरक पडला नाही असा पेशंट मला क्वचित भेटला. आमच्या फ्लॅटवाल्यांचा आकडा पडद्याआड खाली यायचा. शेतकऱ्यांचा थोडा वर चढायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हल्ली जो उठतो तो मनात आणलं की सगळं बरं होतं म्हणून सांगत सुटतो, आणि मला त्याचा मनस्वी राग आहे. मन बरं म्हणालं म्हणून फाटलेली झडप शिवली जात नाही. पेडणेकरांइतक्या जोरात सोळा आणे कोणीच म्हणालं नसेल. आकडा हे औषध नाही, ती बातमी आहे. शरीराच्या आतून आलेली बातमी, कधी कधी यंत्राच्या आधी पोचणारी. राऊत डॉक्टर म्हणायचे की एवढ्या वर्षांत त्यांनी हेच पाहिलं, स्वतःची तब्येत वाईट आहे असं जो मनापासून म्हणतो त्याच्याकडे सगळे रिपोर्ट चांगले असले तरी पाठ फिरवू नये. आता ऐकते की मोठमोठ्या ठिकाणीही पेशंटला हेच विचारतात आणि त्याची नोंद ठेवतात. ऐकून बरं वाटतं. पण विचारताना खोलीत कोण कोण असतं, ते मला त्यांना विचारायचं आहे.

आता चांगुणाची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

चांगुणा अर्नाळ्याची कोळीण. वय चाळिशीच्या अलीकडे. किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा सुकवायचा, टोपली घेऊन विकायला जायचं, हे तिचं काम. नवरा धर्मा, आपल्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा आणि चारपाच खलाशांना सांभाळणारा. दाढ काढल्यावर तिला ताप धरला आणि महिनाभर अंगावर काढून ती आमच्याकडे आली ती ऐन पावसाळ्यात.

हे पावसाळ्याचं महत्त्वाचं आहे. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नारळी पुनवेपर्यंत दर्यात जायचं नसतं. म्हणजे धर्माला काम नव्हतं. इतर वेळी असता तर तो होडीवर असता आणि बायकोजवळ सासू किंवा जाऊ बसली असती. आता तो स्वतः सकाळी जाळं आणि विणायची सुई घेऊन यायचा, खाटेशेजारच्या बाकावर बसायचा आणि फाटकं जाळं विणत राहायचा. बायकांच्या वॉर्डात पुरुषाने दिवसभर बसायचं नाही असा नियम होता. मी दोनदा त्याला हाकललं. तिसऱ्यांदा माझ्याने बोलवेना. इतर बायकांची काही तक्रार नव्हती. तो कोणाकडे बघतच नव्हता, जाळ्याकडे आणि चांगुणेकडे आलटून पालटून बघायचा. जाळ्याला वास यायचा, तो मात्र आम्ही सगळ्यांनी सोसला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तब्येत किती आणे, चांगुणाबाई?"

"पंधरा," ती म्हणाली. अंगात ताप होता आणि ओठ सुकलेले.

"पंधरा? मग इथे कशाला आलात?"

"सोला कधी सांगायचा नसतो, डॉक्टर. आमच्या घरान कोनीच सोला नाय सांगत. म्हावरा कितीबी गावला, होडी कितीबी भरली, पंधरा सांगायचा. एक दर्याचा." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी बरी हाय. हा उगाच घाबरतंय."

पडद्याआड मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नऊ." मला बरं वाटलं. आजारी माणसाने नऊ म्हणणं हे खरं वाटणारं होतं.

आठवडे गेले. ताप उतरला. समोर पंधरा, पडद्याआड नऊ, कधी दहा. तिची माझी गट्टी जमली. तिचे केस लांब आणि दाट होते, आठवड्यातून एकदा ते धुऊन वेणी घालायला मला वेळ काढावा लागे आणि मी काढायची. ती मला सुकटीचे प्रकार शिकवायची आणि आम्ही घाटावरची माणसं सुकटीत भलतंच तिखट टाकून तिची चव मारतो म्हणून चिडवायची. किनाऱ्यावर होड्यांना रंग लागायला सुरुवात झाली होती. धर्माचं जाळंही विणून होत आलं होतं.

नारळी पुनव जवळ आली तेव्हा एका सकाळी मी तिची पाठ पुसत होते. विचारलं, "किती आज?"

ती मग अगदी हळू म्हणाली, "तीन."

माझा हात थांबला. ताप नव्हता. नाडी ठीक. रात्री झोपलेली मी स्वतः पाहिली होती. "दुखतंय कुठे? दम लागतोय?"

"दुखत नाय. होडीला तलाशी पानी लागला ना, तर ते डोल्याला दिसाच्या आधी पायाला समजतं. होडी जड होते. तसा झायलाय." मग माझं मनगट धरून म्हणाली, "बाय, त्याला सांगू नको. पुनवेला होडी लोटायची हाय. तांडेल नाय गेला तर पाच घरांच्या चुली थांबतील. तो गेला की मग काय ते कर."

मी तिला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. वेणी घातली, पडदा सरकवला. पलीकडे धर्मा जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "काय गो, बरी ना?" ती म्हणाली, "पंधरा."

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उलटा प्रश्न केला नाही, सरळ येऊन तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि फार वेळ ऐकलं. बाहेर येऊन म्हणाले, "आवाज बदलला असावा असं वाटतं. खात्री नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी आज एवढा वेळ ऐकलं नसतं." यंत्रवाल्या डॉक्टरांचा वार यायला अवकाश होता. राऊत डॉक्टरांनी तेवढं न थांबता गाडी करून तिला दुसरीकडे पाठवून चित्र काढून आणलं. झडपेला भोक पडलं होतं. हृदय उसनं अवसान आणून चाललं होतं. ते लवकरच थकणार होतं, आणि एकदा थकलं की ऑपरेशनला कोणी हात लावला नसता. मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात ताबडतोब न्यायला हवं होतं.

चांगुणा म्हणाली, पुनव झाल्यावर जाईन. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. तिचं एकच, मी बरी हाय. सही नवऱ्याची लागणार होती आणि नवऱ्याला ती हसून सांगत होती की डॉक्टर लोकांना मुंबईला पाठवायची सवयच असते. धर्मा गोंधळला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची बायको रोज पंधरा होती. आम्ही सांगत होतो ती झडप त्याने पाहिलेली नव्हती.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. पाऊस लागला होता. त्याच्या खांद्यावर जाळं तसंच होतं.

"धर्मादादा, ती मला तीन सांगते आहे."

"कोन?"

"चांगुणा. पडद्याआड. तुमच्या समोर पंधरा, आणि पडद्याआड तीन. पुनवेला तुमची होडी जावी म्हणून."

त्याने जाळं खांद्यावरून खाली घेतलं, त्याची घडी घातली, सुई तिच्यात खोचली. एवढं सगळं अगदी सावकाश केलं. मग म्हणाला, "मी समोरनं हाललोच नाय ना, सिस्टर. तिला खरा बोलाला जागाच नाय ठेवली."

मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं. प्रेमाने बसून राहिला होता आणि त्याच बसण्याने तिचं तोंड बंद झालं होतं. आपल्याकडे आजारी माणसाजवळ कोणीतरी सतत बसून राहावं, ही माया समजतात. ती मायाच आहे. पण आजारी माणसाला त्या मायेपुढे बरं दिसावं लागतं, आणि हे ओझं तक्त्यावर कुठेच लिहिलं जात नाही.

धर्माने सही केली. होडी धाकट्या भावाकडे सोपवली. पुनवेला अर्नाळ्यात नारळ दर्याला गेला तेव्हा तो मुंबईत हॉस्पिटलच्या जिन्यावर बसला होता.

तिला गाडीत चढवताना मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुला सांगितला ती माजी चूक."

ऑपरेशन झालं. झडप नवीन बसवली, धातूची. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण तेव्हा कोळीवाड्यात फोन करायची सोय नव्हती आणि मुंबईच्या हॉस्पिटलला आमच्यासारख्यांना कळवायला वेळ नव्हता. मधल्या काळात मी घरी चिडचिडी झाले होते. मला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या, ती जगावी आणि तिने माझ्याशी बोलावं.

दिवाळीनंतर ती ओपीडीत आली, वाळलेली, पण आपल्या पायांनी चालत. धातूची झडप असली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं. त्यामुळे तिला येत राहणं भाग होतं. मी पुढे होऊन विचारलं, "कशी आहेस?"

"तू सांगितलास म्हनून जगले, ते खरा हाय. ते मी नाय म्हननार नाय," ती म्हणाली. "पन परत तुला काय सांगनार नाय."

आणि तिने ते पाळलं. ती येई, धर्मा सोबत असे, मी रक्त घेई. शांत खोलीत तिच्या छातीतली टिकटिक ऐकू यायची. गोळ्या वेळेवर घेतेस का, हो. दम लागतो का, नाय. तब्येत किती आणे हे मी विचारत नसे. तो हक्क माझा गेला होता. कधी ती सुकटीची पिशवी टेबलावर ठेवून जाई, आणि तेव्हाही माझ्याकडे बघत नसे. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा सांगेन, यात मला कधी शंका वाटली नाही. पण बरोबर वागलं म्हणून कमी दुखतं असं नाही. एवढ्या वर्षांत हजारो माणसांनी मला पडद्याआड खरं सांगितलं असेल, आणि जिच्या खऱ्याचा उपयोग झाला तीच एक माझ्याशी खरं बोलेनाशी झाली. राऊत डॉक्टरांजवळ मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "जिवंत आहे म्हणून रुसते आहे, सिस्टर. रुसू द्या." ते खरं होतं, तरी पुरेसं नव्हतं.

वर्षं गेली. वसई बदलली, सोपाऱ्याच्या खाजणांच्या खाऱ्या जमिनीवर इमारती उठल्या, नवीन सिस्टर आल्या, ज्यांना आणे म्हणजे काय हे सांगूनही पटत नव्हतं. राऊत डॉक्टर थकले आणि राऊंडला येईनासे झाले. माझीही निवृत्ती आली. शेवटच्या आठवड्यात ओपीडीत रक्त घेत बसले होते तेव्हा चांगुणा आली, आता केस पांढरे झालेले. धर्मा मागे, काठी घेऊन. त्याची होडी आता मुलगा चालवत होता.

मी रक्त घेतलं. कापूस लावला. सांगितलं, "पुढच्या खेपेला दुसरी सिस्टर असेल. मी आता घरी बसणार."

ती कापूस दाबून धरून बसून राहिली. धर्मा म्हणाला, "चल गो." ती उठली नाही. त्याच्याकडे न बघता त्याला म्हणाली, "तू भायेर बस जरा."

तो गेला. ती माझ्याकडे बघत नव्हती, कोपऱ्यातल्या हिरव्या पडद्याकडे बघत होती.

"पडदा ओढ," ती म्हणाली.

खोलीत आम्ही दोघीच होतो, पडद्याची गरज नव्हती. मी उठले आणि पडदा ओढला. चाकं गंजली होती, ती कुरकुरली. ती पाठ फिरवून बसली, पूर्वी स्पंजला बसायची तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला ती टिकटिक लागत होती.

"विचार," ती म्हणाली.

 मी विचारलं, "किती?"

"पंधरा," ती म्हणाली. "एक दर्याचा."